अंगणात ओतलेला सिलिंडर

फाउंड्रीत काम करणाऱ्याला आपल्या हातच्या मालाचा शेवट कधी दिसत नाही. पॅटर्न शॉपवाले पॅटर्न देऊन मोकळे होतात, मोल्डर बॉक्स लावून, भट्टीवाले रस ओतून. फेटलिंगला रनर-रायझर उतरतात, शॉट ब्लास्टिंगमधून माल उजळून बाहेर येतो, इन्स्पेक्शनचा शिक्का बसतो आणि गाडी शिरोलीतून हायवेला लागते. पुढं ते कास्टिंग कुठल्या मशीनवर चढलं, कुठल्या इंजिनात बसलं, किती वर्षं टिकलं, यातलं काहीही आमच्याकडं परत येत नाही. परत येतं ते रिजेक्शन, आणि तेही एका कागदावर: ब्लो होल, श्रिंकेज, सँड इन्क्लूजन, नग इतके. कोल्हापुरातल्या हजारो माणसांचं उभं आयुष्य या साखळीतल्या एकेका कडीवर गेलं आहे. माझं पॅटर्न शॉपमध्ये गेलं. इंजिनांचे कितीतरी भाग लाकडात, रेझिनमध्ये आणि ॲल्युमिनियममध्ये मी घडवले, पण त्यातला एकही भाग चालताना ऐकला नव्हता.

घरामागं भट्टी लावली ती यासाठी. एक तरी वस्तू अशी असावी, जिचं ड्रॉइंग, पॅटर्न, वाळू, रस, मशीनिंग आणि शेवटी तिच्यात पेटणारं पेट्रोल, हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर घडेल. त्यासाठी मी जुन्या बुलेटचा सिलिंडर निवडला, म्हणजे गॅरेजात ज्याला बोअर म्हणतात तो भाग.

निवडीला कारण होतं. जुनी साडेतीनशेची बुलेट म्हणजे 70 मिलिमीटर बोअर, 90 मिलिमीटर स्ट्रोक, 346 सीसी. इंजिन मोठं, आरपीएम कमी, भाग सुटसुटीत आणि हत्यारं हातातली. त्या इंजिनाचं हेड ॲल्युमिनियमचं असायचं, पण सिलिंडर बिडाचा. बीड झिजेला उत्तम, आवाज गिळतं, पण उष्णता बाहेर टाकायला मंद. सिलिंडरला वापरतात त्या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूतून उष्णता बिडापेक्षा साधारण तिप्पट सहज वाहते, शिवाय वजन निम्म्याहून कमी. पुढं कंपनीनंही ऑस्ट्रियातल्या एव्हीएलच्या मदतीनं केलेल्या इंजिनात ॲल्युमिनियमचाच सिलिंडर घेतला. तेव्हा मी काही नवा शोध लावत नव्हतो. माहीत असलेली गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वतः करून पाहायची होती.

कोल्हापुरात असं करून पाहण्याला कुणी नवल मानत नाही. बाबूराव पेंटरांनी चित्रपटाचा कॅमेरा इथंच स्वतः बनवला आणि त्यावर 1920 साली ‘सैरंध्री’ काढला. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेना तेव्हा शाहू महाराजांनी पन्हाळ्यावरच्या जुन्या तोफा लक्ष्मणराव किर्लोस्करांना दिल्या आणि त्या वितळून नांगर झाले. हे आमच्याकडं शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. मात्र त्या गोष्टीतला कठीण भाग सहसा कुणी सांगत नाही. तोफेचं लोखंड वितळवणं सोपं. त्यातून नांगराला लागेल तसा कठीण आणि तरीही न तडकणारा माल काढायचा, तर रसात काय आहे आणि तो किती वेगानं गोठणार हे कळावं लागतं. ओतकामात सगळी मेख गोठण्यात असते. बघणाऱ्याची नजर मात्र कायम ओतण्याच्या झगमगाटावर खिळते.

गोठण्याचा विचार पॅटर्नपासूनच सुरू होतो. ॲल्युमिनियम गार होताना आकसतं, म्हणून पॅटर्न मीटरमागं साधारण 13 मिलिमीटर मोठा करायचा; बिडाला हेच 10 धरतात. त्यासाठी आम्ही श्रिंकेज स्केल वापरतो, तिच्यावरचा प्रत्येक सेंटिमीटर खऱ्या सेंटिमीटरपेक्षा किंचित मोठा असतो. पण खरी अडचण फिनची. सिलिंडरभोवतीच्या त्या पातळ पट्ट्या हवेत उष्णता सोडण्यासाठी असतात. वाळूत त्या उलट्या दिसतात: जिथं धातूची फिन, तिथं वाळूत खोल, अरुंद फट, आणि दोन फटींच्या मध्ये वाळूची उभी पातळ भिंत. पॅटर्न उचलताना ती भिंत शाबूत राहिली पाहिजे. त्यासाठी पॅटर्न बोअरच्या अक्षावरून दोन भागांत फाडून आडवा ठेवला, आणि प्रत्येक फिनला दोन्ही अंगांनी थोडा उतार दिला, मुळाशी जाड, टोकाला बारीक. हा उतार सागवानात हातानं काढायला पावसाळा पुरला. पावसाळ्यात कोल्हापुरात रस करूच नये, या मताचा मी आहे. हवेत इतका दमटपणा असतो की तो वाळूत मुरतो, इंधनात मुरतो आणि शेवटी धातूत जातो. तेव्हा जून ते सप्टेंबर लाकूडकाम, आणि भट्टी दिवाळीनंतर.

वाळू मला एका म्हाताऱ्या मोल्डरनं शिकवली. उद्यमनगरातल्या शेडमध्ये जमिनीवर बसून हातानं मोल्ड लावणाऱ्यांच्या पिढीतला तो माणूस. आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणतो. पहिल्यांदा पॅटर्न दाखवायला नेला तर त्यांनी पॅटर्न बाजूला ठेवला आणि आधी माझी वाळू मागितली. मूठभर घेऊन दाबली, मूठ उघडली. बोटांचे ठसे उमटले होते. मग दोन्ही हातांनी ती मोडली.

“बघ, कड ढासळली. पानी कमी हाय, आन माती बी नीट मळली न्हाई.”

“अण्णा, बेंटोनाइट मापून घातलंय.”

“माप हातात असतंय रं. आनी वाळू ठोकू नगंस, बसव. ठोकलीस की वाफ जायाला वाट ऱ्हात न्हाई.”

वाळू गुळाच्या खड्यासारखी साफ कडेनं तुटली पाहिजे, हे त्या दिवशी हाताला कळलं. पाणी वजनाच्या तीन-चार टक्क्यांच्या आसपास, हा आकडा पुस्तकात असतो. पण तेवढं पाणी पडलं तर मूठ कशी लागते, हे अण्णांच्या हातात होतं. आता शिरोलीला आणि गोकुळ शिरगावला मोठ्या मोल्डिंग लाइन आल्या आहेत, वाळूची तपासणी तासातासाला लॅबमध्ये होते, आणि ती तशीच व्हायला हवी. तरी अण्णांच्या पिढीबरोबर हाताचं हे ज्ञान कुठंही न उतरवता जाणार, याचं मला मनापासून वाईट वाटतं. घरची भट्टी लावणारी चार पोरं असली तर त्यातलं थोडं राहील.

फिनच्या मधल्या भिंती साध्या ग्रीन सँडमध्ये तग धरेनात, म्हणून तेवढ्या भागाला सोडियम सिलिकेटची वाळू घेतली. तिच्यात कार्बन डायऑक्साइड सोडला की काही सेकंदांत ती दगडासारखी होते. बोअरचा गाभा आणि पुशरॉडच्या बोगद्याचा गाभा यांनाही हीच पद्धत. तिचा दोष असा की रस ओतल्यावर ही वाळू आणखी घट्ट होते आणि आतून काढताना जीव जातो. यावर आमच्याकडं जुना उपाय आहे: वाळूत साखर कारखान्याची मळी थोडी मिसळायची. रसाच्या उष्णतेनं मळी जळते, वाळूचा बांध सुटतो आणि गाभा भुसभुशीत होऊन पडतो. उसाच्या मुलखात फाउंड्री वाढली याचा असाही फायदा.

पुशरॉडच्या बोगद्यावर मला जरा थांबायचं आहे. बुलेटच्या सिलिंडरच्या एका अंगाला खालून वर जाणारी पोकळी असते. तिच्यातून पुशरॉड जातात आणि वरून तेल खाली उतरतं. ही पोकळी आणि बोअर यांच्यामध्ये धातूची भिंत असते. पोकळीचा गाभा दोन्ही टोकांना कोअर प्रिंटवर, म्हणजे साच्यातल्या त्याच्या बैठकीवर, टेकलेला असतो, मधे आधार नाही. रस आत शिरला की हा गाभा वर तरंगायला बघतो, कारण वाळूची घनता रसापेक्षा कमी. लांब, बारीक गाभा मधोमध वाकला तर एका बाजूची भिंत पातळ होते आणि बाहेरून काहीच दिसत नाही. गाभ्याच्या आत मी लोखंडी तार घातली आणि कोअर प्रिंट ड्रॉइंगपेक्षा लांब केले. पॅटर्नमेकरचं निम्मं आयुष्य अशा गोष्टींत जातं, ज्या वस्तू नसतात, वस्तूमधली रिकामी जागा असतात.

भट्टी फार सांगण्यासारखी नाही. ऑइलच्या जुन्या ड्रमचा बुडखा, आतून सिरॅमिक वूल, त्यावर रिफ्रॅक्टरीचा थर, खालून स्पर्शरेषेत शिरणारा गॅसचा बर्नर आणि एक ब्लोअर. मूस क्ले-ग्रॅफाइटची. पण धातू कुठून आणायचा, हे सांगायला हवं, कारण घरी ओतकाम करणारे पुष्कळ जण इथंच घसरतात. भंगारात ॲल्युमिनियम म्हणून सगळं एकाच ढिगात मिळतं, आणि ते सगळं एक नसतं. खिडक्यांचे चॅनेल वितळतात छान, पण साच्यात धावत नाहीत. त्यात सिलिकॉन जवळजवळ नसतं. गाडीचे अलॉय व्हील मात्र ओतीव मालाचेच असतात, सिलिकॉन सात टक्क्यांच्या आसपास आणि थोडं मॅग्नेशियम, म्हणजे पुढं हीट ट्रीटमेंट घेणारा माल. सिलिंडरला मला हाच हवा होता. जुने पिस्टन वेगळे ठेवले. त्यांत सिलिकॉन बारा टक्क्यांपर्यंत आणि शिवाय तांबं, निकेल. रंग, तेल, रबर सगळं खरवडून, धुऊन, वाळवूनच तुकडे मुशीत.

शुद्ध ॲल्युमिनियम 660 अंशांना वितळतं, हा मिश्रधातू त्याच्या जरा खालीच. ओतायचं सव्वासातशेच्या आसपास. त्यापेक्षा जास्त तापवण्याचा मोह फिन भरण्यासाठी होतो, पण तापमान वाढलं की रस हायड्रोजन पितो. दमट वाळू, ओलं हत्यार, गॅसच्या ज्योतीतली वाफ, सगळीकडून तो येतो. रसात तो मुकाट विरघळून बसतो. गोठताना मात्र त्याला धरून ठेवायची धातूची ताकद जवळजवळ वीस पटींनी घटते आणि तो सुईच्या टोकाएवढ्या भोकांच्या रूपानं आतच अडकतो. यावर उपाय म्हणजे रस हवा तेवढाच तापवणं, उगाच न ढवळणं, नळीनं तळाशी आर्गॉन सोडून हायड्रोजन बाहेर काढणं, आणि मूस बाहेर आली की वेळ न दवडता ओतणं.

आणि पाणी. पाण्याची वाफ होताना ते सोळाशे पटींहून जास्त फुगतं. तो थेंब रसाखाली सापडला तर रस अंगावर येतो. कोब्यावर किंवा शहाबादी फरशीवर रस सांडला तर तिच्यातला ओलावाही तेच करतो. म्हणून माझ्या अंगणात ओतायची जागा म्हणजे कोरड्या वाळूचा जाड थर. चमचा, चिमटा, ड्रॉस काढायची पळी, सगळं आधी भट्टीच्या तोंडाशी तापवून घेतलेलं. चामड्याचा एप्रन, गेटर, चेहऱ्यावर शील्ड. घरातलं कुणी आणि शेजारचं पोर त्या वेळी अंगणात नसतं. यात सूट नाही.

ओतण्याच्या वेगाबद्दल बर्मिंगहॅम विद्यापीठातले प्राध्यापक जॉन कॅम्पबेल यांनी जे सांगितलं, त्यानं माझी नजर बदलली. रसाच्या पृष्ठावर ऑक्साइडची पातळ कातडी असते. रसाचा वेग सेकंदाला सुमारे अर्ध्या मीटरच्या वर गेला की पृष्ठ उसळतं, कातडी स्वतःवरच दुमडते आणि घडी आत गाडली जाते. ती घडी कधी जुळत नाही. गोठलेल्या मालात ती भेग म्हणूनच राहते. आता अर्धा मीटर वेग गाठायला रसाला किती उंचीवरून पडावं लागतं? जेमतेम साडेबारा मिलिमीटर. म्हणजे कुठल्याही डाउनस्प्रूच्या, रस खाली नेणाऱ्या उभ्या वाटेच्या, तळाशी रस त्याहून कितीतरी वेगानं पोचणारच. तेव्हा डाउनस्प्रू खाली निमुळता ठेवायचा, त्यात हवा ओढली जाऊ द्यायची नाही, पुढं रनर रुंद करून वेग मोडायचा आणि गेटमधून रस साच्यात खालून, शांतपणे चढवायचा. इतकी वर्षं आम्ही रनरची मापं ‘असंच असतंय’ म्हणून घेत आलो होतो. त्या मापांमागं हे गणित आहे हे कळल्यावर मी घरचा सगळा गेटिंगचा भाग नव्यानं कापला.

मोल्ड फोडताना कोणाच्याही छातीत धडधडतं. पण बाहेर आलेलं कास्टिंग पूर्ण दिसलं म्हणून ते चांगलं, असं मी मानत नाही. फिन पातळ, त्या आधी गोठतात. तळाचा फ्लँज जाड, तो शेवटी. गोठताना ॲल्युमिनियमचं आकारमान सहा टक्क्यांच्या आसपास घटतं, आणि ती तूट कुठून तरी भरून निघावी लागते. फ्लँजवर रायझर ठेवला तर रायझर स्वतः पोकळ होऊन फ्लँजला रस पुरवतो. रायझर अपुरा असला की पोकळी फ्लँजच्या पोटात उरते. म्हणून सुरुवातीची कास्टिंग मी मशीनिंगला दिलीच नाहीत. करवतीनं उभी कापली, पॉलिश पेपरनं घासली आणि उन्हात तिरपी धरून पाहिली. फ्लँजच्या मुळाशी राखाडी, स्पंजासारखा पट्टा दिसे, तो रायझर वाढवला आणि विरुद्ध बाजूला लोखंडी चिल, म्हणजे उष्णता झटकन ओढणारा तुकडा, लावली तसा सरकत सरकत रायझरमध्ये गेला. कारखान्यात चांगलं दिसणारं कास्टिंग कापायला परवानगी लागते आणि कारण द्यावं लागतं. घरी कापण्यासाठीच ओतता येतं.

गळती पाहायची रीत जुनीच: खडू आणि रॉकेल. एका बाजूला खडूचा पातळ लेप द्यायचा, तो सुकू द्यायचा, दुसऱ्या बाजूनं रॉकेल लावायचं आणि थांबायचं. रॉकेल केसाएवढ्या वाटेनंही चालतं. पुशरॉडच्या बोगद्याच्या भिंतीवर पांढऱ्या खडूत एक पिवळसर ठिपका हळूहळू मोठा होताना दिसला, तर ते कास्टिंग परत मुशीत. कोरडा खडू तासाभरानं कोरडाच राहिला की मग हीट ट्रीटमेंट: 540 अंशांच्या आसपास काही तास, गरम पाण्यात बुडवणं, मग दीडशे-पावणेदोनशेच्या दरम्यान पुन्हा काही तास. हे मी ओळखीच्या हीट ट्रीटमेंटवाल्याकडून करून घेतो. तापमान पाच-दहा अंशांत धरून ठेवायला त्याच्याकडं भट्टी आहे, माझ्याकडं नाही.

ॲल्युमिनियमच्या बोअरमध्ये पिस्टन रिंग थेट चालत नाहीत, आत बिडाचा लायनर लागतो. लायनरचा बाहेरचा व्यास 78 मिलिमीटर, आणि सिलिंडरचं भोक त्याहून एका मिलिमीटरच्या दहाव्या भागानं लहान. सिलिंडर दोनशे अंशांना तापवला की भोक सुमारे तीन दशांश मिलिमीटरनं मोठं होतं. तेवढ्या सवडीत गार लायनर आपल्या वजनानं खाली जातो, सरळ गेला तर. वाकडा टेकला की तिथंच पकडला जातो, आणि तो काढायला सगळं पुन्हा तापवावं लागतं. इंजिन चालताना सिलिंडर लायनरपेक्षा जास्त फुगतो, पकड ढिली होते. हिशेब केला तर थोडी पकड उरते, पण केवळ तेवढ्यावर भिस्त नको म्हणून लायनरला वर कॉलर ठेवली, हेड ती दाबून धरतं. बोअरिंग आणि होनिंग लायनर बसल्यावरच.

पिस्टन मात्र मी बाजारचाच घेतला. घरी ओतायचा म्हटलं की लोक बर्ट मन्रोचं नाव घेतात, आणि ते घ्यावंच. न्यूझीलंडच्या अगदी दक्षिणेला इन्व्हरकार्गिल इथं राहणारा हा माणूस. 1920 मध्ये सहाशे सीसीची इंडियन स्काउट घेतली आणि जन्मभर तिच्यावर काम केलं. पिस्टन स्वतः ओतले, सिलिंडर बिडाच्या गॅसच्या नळापासून केले, इंजिन साडेनऊशे सीसीपर्यंत नेलं. 1967 मध्ये अमेरिकेत बोनव्हिलच्या मीठ-मैदानावर, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, हजार सीसीच्या आतल्या वर्गात विक्रम केला. नोंदीतली चूक 2014 मध्ये दुरुस्त झाल्यावर तो वेग ताशी 184.087 मैल ठरला, म्हणजे 296 किलोमीटरच्या वर. त्याच्यावरच्या सिनेमात पिस्टन ओतण्याचा प्रसंग पाहून आमच्याकडची पोरं पेटतात. पण मन्रोच्या शेडमध्ये फुटलेल्या पिस्टननी आणि रॉडनी भरलेलं एक शेल्फ होतं, त्यावर त्यानं लिहून ठेवलं होतं की हे वेगाच्या देवाला वाहिलेलं. ते शेल्फ मला विक्रमाहून मोठं वाटतं. पिस्टन दिसतो गोल, असतो किंचित लंबगोल आणि वर निमुळता, कारण तो गरम झाल्यावर गोल व्हायचा असतो. लोखंडी डायमध्ये ओतलेल्या मालाची घनता वाळूत मिळवणं कठीण. आणि पिस्टन फुटला तर बाकीचं इंजिनही घेऊन जातो. सिलिंडरची परीक्षा घ्यायची तर बाकी सगळं ओळखीचं असावं, हे माझं मत आहे.

परीक्षेसाठी इंजिन गाडीत न बसवता अँगलच्या फ्रेमवर बसवलं, फ्रेम काँक्रीटमध्ये बोल्टनं जखडली. समोर मोठा पंखा, कारण हवेनं गार होणारं इंजिन उभ्या जागी दोन मिनिटांत पोळतं. प्लगच्या वॉशरखाली थर्मोकपल. आणि ताकद मोजायला रोप ब्रेक. पॉलिटेक्निकमध्ये शिकलेल्या प्रत्येकानं तो पाहिलेला असतो: फिरत्या ड्रमवर दोरखंडाचा वेढा, एका टोकाला वजन, दुसऱ्याला स्प्रिंग बॅलन्स. गास्पार द प्रोनी या फ्रेंच इंजिनिअरनं 1821 मध्ये केलेल्या ब्रेकच्याच घराण्यातला. ताकद मोजायच्या महागड्या यंत्राऐवजी हा घेतला तो केवळ पैशासाठी नाही. त्यात लपलेलं काही नाही म्हणून. वजनातून काट्याचं वाचन वजा करायचं, दोरखंडाच्या निम्म्या जाडीसकट त्रिज्येनं गुणायचं, फेऱ्यांनी गुणायचं. त्रिज्या पाव मीटर, निव्वळ भार 24 किलो, ड्रमचे मिनिटाला 1,500 फेरे, म्हणजे 9.2 किलोवॅट, साडेबारा हॉर्सपॉवरच्या जवळ.

हा आकडा कागदावर लहान वाटतो. ड्रमजवळ उभं राहिलं की तसा वाटत नाही. ती सगळी ताकद दोरखंडाच्या घासण्यात उष्णता होते, म्हणून ड्रमच्या आतल्या पन्हाळीत पाणी सोडत राहावं लागतं, आणि मिनिटाला दोनशे ग्रॅमच्या वर पाणी वाफ होऊन उडतं. एकच सिलिंडर असल्यानं प्रत्येक स्फोटाला दोर हिसका देतो, काटा थरथरतो. तेलात बुडवलेली एक पट्टी काट्याच्या दांडीला जोडली तेव्हा वाचन घेता येऊ लागलं. बेल्ट, चेन आणि ड्रम यांच्या रेषेत कुणी उभं राहायचं नाही. इग्निशन तोडायचा स्विच हाताच्या अंतरावर, आणि दुसरा स्विच दाराशी.

आधी कंपनीचा बिडाचा सिलिंडर चढवून वाचनं घेतली. मग तेच इंजिन, तेच हेड, तोच जेट, त्याच मापाचा पिस्टन, आणि माझा सिलिंडर. पहिल्या किकला ते पेटलं नाही. नंतरच्या एका किकला पेटलं, आणि जो आवाज आला तो बुलेटचा होता, पण वर एक झिणझिण होती. ती फिनची. बीड कंपन गिळतं, ॲल्युमिनियमच्या फिन वाजतात. काही कंपन्या फिनमध्ये रबराचे ठोकळे घालतात ते याचसाठी. मला ती झिणझिण ऐकून भरून आलं. सागवानात हातानं उतार दिलेल्या त्या पट्ट्या वाजत होत्या.

थोडा वेळ चालवून मोजलं तर दोन्ही सिलिंडरची ताकद सारखीच. तशीच यायला हवी होती; सीसी तीच, कॉम्प्रेशन तेच. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर असल्यानं हवेचा दाब किनाऱ्यापेक्षा सहा टक्क्यांच्या आसपास कमी, तेव्हा कंपनीच्या छापील आकड्याशी तुलना करण्यातही अर्थ नव्हता. फरक दिसला तो भार तसाच धरून ठेवल्यावर. बिडाच्या सिलिंडरवर प्लगखालचं तापमान चढत राही आणि काटा हळूहळू उतरे. इंजिन तापून सुस्तावे. माझ्या सिलिंडरवर तापमान आधीच स्थिर होई आणि काटा जागेवर राही. भार काढल्यावर गारही लवकर होई. हे निरीक्षण पुस्तकात आधीपासून आहे. पण फ्लँजमधला स्पंजाचा पट्टा रायझरमध्ये ढकलण्यासाठी जे काही केलं, त्याचा आणि या स्थिर काट्याचा संबंध मी जोडू शकत होतो, आणि नोकरीत असं जोडायची संधी मला कधी मिळाली नव्हती.

पुष्कळ तास चालवल्यावर सिलिंडर उतरवून तपासला. लायनर हलला नव्हता. फ्लँजच्या एका स्टडभोवती तेलाचा ओलसर डाग होता. खडूच्या परीक्षेत तो दिसला नव्हता, गरम तेलानं आणि कंपनानं दाखवला. कापून पाहिलं तेव्हा तिथं ऑक्साइडची ती दुमडलेली घडीच होती, बोटाच्या पेराएवढी, गेटच्या अगदी समोर. गेटची जागा बदलायला हवी होती, आणि हे सांगायला चालणारं इंजिनच लागलं. म्हणून कारखान्यात आता मी एक मागणी लावून धरली आहे: ग्राहकाकडं वापरून झालेली, बदलून टाकलेली कास्टिंग, रिजेक्टेड नव्हे, नीट चाललेली कास्टिंग परत मागवायची, कापायची आणि मोल्डरसकट सगळ्यांनी बघायची. पॅटर्न शॉपच्या पोरांना मी अंगणात रोप ब्रेकपाशी उभं करतो, ते याच कारणासाठी. मोठ्या लाइनवर दर काही सेकंदांना एक मोल्ड पडत असेल, तरी तिच्यामागं उभ्या असलेल्या माणसाला आपलं कास्टिंग कुठं तापतं आणि कुठं गळतं हे ठाऊक असायला हवं.

आता हेड घेतलं आहे. ते सिलिंडरपेक्षा कितीतरी अवघड आहे. दोन पोर्टचे वाकडे गाभे, व्हॉल्व्ह सीटच्या मागं जाड भाग, आणि दोन सीटच्या मधली ती अरुंद पट्टी जी सगळ्यात जास्त तापते. ज्वलनकक्षाच्या तोंडाशी लोखंडी चिल लावायची हे पक्कं आहे, म्हणजे तो भाग पहिल्यांदा आणि घट्ट गोठेल. एक्झॉस्ट पोर्टचा गाभा कसा धरायचा यावर अण्णांचं आणि माझं जमत नाही. ते चॅपलेट, म्हणजे साच्यात गाभ्याला टेकू देणारा धातूचा छोटा आधार, लाव म्हणतात. मला भीती आहे की चॅपलेट रसात नीट विरघळला नाही तर त्याच्या कडेनं गॅस गळेल, आणि तेही नेमकं जिथं सगळ्यात गरम आहे तिथं. त्याऐवजी कोअर प्रिंट बाहेर वाढवून गाभा एकाच टोकावर तोलायचा माझा विचार आहे. त्यासाठी पॅटर्नचा तो कोपरा पुन्हा कापावा लागेल.